तिसऱ्या लेव्हलच्या हाफलिंग रोगनं लांबून मारायला काय घ्यावं?

भावा, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण कळंल. तुमचा परभणीतला ग्रुप रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं खेळवायचा खेळ) खेळतो, नियम २०१४ चे, तू लाइटफूट हाफलिंग (बुटक्या लोकांची एक जात), क्लास रोग (इंग्रजीतला Rogue, लपूनछपून मारणारा), लेव्हल आत्ताच ३ झाली, डेक्सटेरिटी (चपळाई) १७. सुरुवातीचं सामान घेताना तू शॉर्टबो सोडून शॉर्टस्वोर्ड घेतलीस, त्यामुळं लांबून मारायला तुझ्याकडं दोन खंजीर सोडले तर काहीच नाही. आता डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, प्रत्येकाला १०० गोल्ड दिलंय आणि पुढच्या वेळी तुम्ही एका जुन्या किल्ल्याच्या तळघरात उतरणार, सोबत एक फायटर, एक क्लेरिक, एक विझार्ड. एक मित्र म्हणायलाय लाँगबो घे, दुसरा म्हणायलाय दोन्ही हातात एकेक हँड क्रॉसबो घे, आणि तू विचारायलास की सगळ्यात जास्त डॅमेज कशात आहे.

मी इथं संभाजीनगरात बरीच वर्षं डीएम म्हणून बसतो आणि रोग खेळणारी पोरं-पोरी माझ्या टेबलावर कायम असतात, त्यावरून सांगतो, तुझी खरी अडचण डी६ का डी८ (सहा बाजूंचा डाइस का आठ) ही नाहीच. खरी अडचण अशी की दर टर्नला स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा जादा डॅमेज, लागला पाहिजे, आणि हत्यार असं पाहिजे की त्यात आडवं येणार नाही. बाकी सगळं नंतर.

हिशोब करून दाखवतो, कारण नुसतं म्हणून पटत नाही. लेव्हल ३ ला तुझा स्नीक अटॅक २डी६, म्हणजे सरासरी ७. डेक्सटेरिटी १७ चे मिळतात ३. हत्याराचा डाइस डी६ असंल तर सरासरी साडेतीन, डी८ असंल तर साडेचार. म्हणजे शॉर्टबोनं स्नीक अटॅकसकट साडेतेरा आणि लाइट क्रॉसबोनं साडेचौदा. फरक एकाचा! आणि स्नीक अटॅक हुकला की थेट ७ गेले. आता समोर गॉब्लिन धर, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, तुझ्या नेमाचे प्लस ५, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर १० किंवा वर पडलं पाहिजे, हे होतं ५५ टक्के. तेच ॲडव्हांटेज (दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) मिळालं तर जवळजवळ ८० टक्के. हाफलिंगचं लकी (१ पडला की परत टाकायचं) यात धरलेलंच नाही, ते वेगळं. म्हणून डाइस मोठा करण्यापेक्षा ॲडव्हांटेज कुठून येईल आणि डिसॲडव्हांटेज (दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा) कसं टळंल याच्यावर डोकं लावलेलं लई पटीनं फायद्याचं, आणि लेव्हल वाढत जाईल तसा हा फरक अजून वाढतच जातो कारण दर विषम लेव्हलला स्नीक अटॅकमधे एक डी६ वाढतो, हत्याराचा डाइस मात्र आहे तिथंच राहतो.

आता काही गोष्टी तुमच्या टेबलावर अवलंबून आहेत, त्या मला इथं बसून ठरवता येणार नाहीत. एक म्हणजे तुमचा डीएम नकाशे कसे काढतो. दुसरं म्हणजे २०२० च्या पुस्तकातला स्टेडी एम (जागचं न हलता ॲडव्हांटेज घ्यायचं) हा ऐच्छिक नियम त्याला मान्य आहे का. तिसरं, मधे उभ्या असलेल्या आपल्याच माणसाचं कव्हर (आडोसा) तो मोजतो का. या तिन्ही गोष्टी खेळाच्या आधी विचारून घे, टर्नच्या मधे वाद नको.

नकाशाचं आधी सांगतो, कारण रेंजचा सगळा खेळ तिथं आहे. माझ्या मोहिमेतला किल्ला मी सरळ देवगिरीवरून काढलाय. खाली खोल खंदक, त्याच्यावर एकच अरुंद पूल, पूल ओलांडला की अंधारी सुरू होते, म्हणजे डोंगराच्या पोटातला तो काळोखाचा वळणावळणाचा रस्ता, दौलताबादला गेलेल्या कुणालाही आठवंल. आमच्यात एक पोरगी वूड एल्फ रोग खेळते, एल्फ असल्यानं तिला लाँगबो चालवता येतो, रेंज १५० फूट. खंदकाच्या अलीकडून पुलावरचे पहारेकरी तिनं टिपले तेव्हा टेबलावर सगळे बघतच राहिले. पण अंधारीत शिरल्यावर तीच रेंज काही कामाची नाही, कारण एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत आमच्या चौकटीच्या वहीवर जेमतेम ६ चौकटी, म्हणजे ३० फूट. शत्रू दिसतो तोच मुळी तीन-चार चौकटींवर. पुढच्या टर्नला तो अंगावर.

म्हणून तू तळघरात उतरणार असशील तर १५० फूट आणि ८० फूट यात काहीच फरक नाही, पण ८० आणि ३० यात मात्र फरक आहे, तो असा की ३० च्या पुढं हँड क्रॉसबोला डिसॲडव्हांटेज लागतं, आणि डिसॲडव्हांटेज लागलं की स्नीक अटॅक बंद, शत्रूच्या शेजारी तुमचा फायटर उभा असला तरी बंद. मोठा दरबार हॉल किंवा आतलं अंगण आलं की ३० फूट कमी पडतात, तुला पुढं सरकावं लागतं, आणि तुझा स्पीड आधीच २५. गल्लीत मागं राहायचं असंल आणि अंगणात पण चालायचं असंल तर ८० फूट एकदम बरोबर बसतात. वहीवर १६ चौकटी. एवढ्या मोठ्या खोल्या डीएम लोक सहसा काढत नाहीत.

अजून एक गोष्ट जी तुझ्या प्रश्नात कुठंच नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटायली: हाफलिंगला डार्कव्हिजन नसतं. समोरचे गॉब्लिन आणि सांगाडे अंधारात ६० फूट बघतात, आणि तुला मशालीच्या उजेडाबाहेरचं काही दिसत नाही. मशालीचा लख्ख उजेड २० फूट, पुढचे २० फूट अंधुक. त्याच्या पलीकडं जो उभा आहे तो तुला दिसत नाही, न दिसणाऱ्यावर मारताना डिसॲडव्हांटेज, आणि मग परत तेच, स्नीक अटॅक गेला. म्हणजे मशालीच्या उजेडात तुझ्या क्रॉसबोची खरी रेंज ४० फूटच झाली! पुस्तकात काहीही छापलेलं असू दे. अंधुक उजेडात मारायला मात्र अडचण नाही, तिथं फक्त नजरेनं शोधायच्या परसेप्शनला त्रास होतो. म्हणून १०० गोल्डमधले १० बुल्सआय लँटर्नला दे. त्याचा झोत ६० फूट लख्ख आणि पुढं ६० फूट अंधुक, फक्त एकाच दिशेला. तो तू धरू नको, विझार्डच्या हातात दे, त्याचा एक हात बहुतेक वेळा मोकळाच असतो. त्याच्याकडं लाइट कॅन्ट्रिप (उजेडाचा छोटा मंत्र) असली तरी तिचा उजेड मशालीएवढाच पडतो, त्यामुळं लँटर्न वाया जात नाही. तू झोताच्या बाहेर बाजूला थांबायचं.

आता एकेक हत्यार. लाँगबो विसरून जा. रोगला तो मुळात चालवता येत नाही, प्रोफिशियन्सीच नाही, आणि वर तो हेवी आहे, म्हणजे छोट्या आकाराच्या हाफलिंगला दर बाणाला डिसॲडव्हांटेज. हेवी क्रॉसबोचं पण तेच. मित्रानं एल्फचा विचार करून सांगितलं असंल.

हँड क्रॉसबोवर थोडं थांबतो, कारण त्याची भुरळ सगळ्यांना पडते. दोन्ही हातात एकेक ही कल्पना २०१४ च्या नियमात चालतच नाही, कारण एका हातानं चालवायच्या क्रॉसबोमधे बोल्ट (क्रॉसबोचा बाण) भरायला दुसरा हात मोकळा लागतो. एकच घेतलास तर किंमत ७५ गोल्ड, डाइस डी६, रेंज ३०, म्हणजे शॉर्टबोएवढाच डॅमेज, अर्ध्याहून कमी रेंज आणि तिप्पट पैसे. त्याची खरी मजा क्रॉसबो एक्स्पर्ट ही फीट (लेव्हल वाढल्यावर निवडायचं खास कौशल्य) घेतल्यावर येते, तेव्हा लोडिंगची अट (एका ॲक्शनमधे एकच बोल्ट) जाते, शेजारी शत्रू असला तरी डिसॲडव्हांटेज लागत नाही, आणि बोनस ॲक्शनमधे (टर्नला एकच मिळणारी छोटी जादा ॲक्शन) त्याच हँड क्रॉसबोनं अजून एकदा मारता येतं. पहिला वार हुकला तर स्नीक अटॅकसाठी दुसरा चान्स, हे रोगसाठी खरंच मोलाचं आहे, मी नाकारत नाही. पण ती बोनस ॲक्शन कुठून येणार ते बघ. लपायला पण बोनस ॲक्शन, डिसएंगेजला (शत्रूचा वार न खाता बाजूला व्हायला) पण, स्टेडी एमला पण. आणि दोनदा टाकून एक लागायची शक्यता आणि ॲडव्हांटेजनं एकदा टाकून लागायची शक्यता ही जवळपास सारखीच येते, त्याच ८० टक्क्यांच्या आसपास. लपून किंवा स्टेडी एमनं जे तुला फुकट मिळायलंय त्याच्यासाठी ७५ गोल्ड आणि एक अख्खी फीट कामून घालायची? दुसरा वार पण लागला तर थोडा जास्त डॅमेज मिळतो, बस तेवढंच.

राहिले शॉर्टबो आणि लाइट क्रॉसबो. दोन्ही २५ गोल्ड, दोन्हीची रेंज ८० आणि लांबची ३२०, दोन्हीला दोन हात लागतात, दोन्ही तुला चालवता येतात. क्रॉसबोला लोडिंग आहे म्हणून लोक घाबरतात, पण लोडिंगचा अर्थ एवढाच की एका ॲक्शनमधे एकच बोल्ट, आणि रोगला एका ॲक्शनमधे एकच अटॅक असतो, मग नुकसान कुठंय? फायटरला पाचव्या लेव्हलला दोन अटॅक मिळतात, त्याला लोडिंग टोचतं. तुला नाही. पुढं मल्टिक्लास करून (दुसरा क्लास जोडून) दोन अटॅक घ्यायचे असतील तर शॉर्टबो घे, नाहीतर लाइट क्रॉसबो. वजन २ च्या जागी ५ पाउंड होतं, त्याचं एवढं काही नाही.

एवढं झालं तरी अर्धाच विषय झाला, कारण शत्रू अंगावर आला की क्रॉसबोचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. पाच फुटाच्या आत शुद्धीवरचा शत्रू असंल आणि तो तुला बघत असंल तर लांबच्या हत्याराला डिसॲडव्हांटेज लागतं, तू दुसऱ्याच कुणावर नेम धरला असला तरी. तिथं दोन वाटा आहेत. पहिली, बोनस ॲक्शननं डिसएंगेज करून मागं सरक आणि ज्याच्या शेजारी तुमचा फायटर आहे त्याच्यावर मार, स्नीक अटॅक मिळतो. दुसरी वाट गल्लीत उपयोगाची, जिथं मागं सरकायला जागाच नसते. क्रॉसबोला दोन हात फक्त मारताना लागतात, नुसता धरायला एक पुरतो. म्हणून डाव्या हातात क्रॉसबो तसाच धरून उजव्या हातानं खंजीर काढ, टर्नला एक वस्तू काढायला ॲक्शन लागत नाही, आणि खुपस. खंजीर फिनेस (चपळाईनं चालवायचं हत्यार) आहे, स्नीक अटॅक लागू. पुढच्या टर्नला तो फेकायचा असंल तर फेक, २० फुटापर्यंत डिसॲडव्हांटेज नाही, फक्त शेजारी कुणी चिकटलेला नको, आणि फेकला की हात आपोआप मोकळा, परत क्रॉसबो तयार. हे एकदा हातात बसलं ना, की शत्रूला तुला गाठून काही फायदाच होत नाही. आमच्यातल्या नव्या पोरांना मी हेच आधी शिकवतो, कुठला बो घ्यायचा ते नंतर.

खंजीर हातात असण्याचा अजून एक फायदा, स्नीक अटॅक टर्नला एकदा असतो, राउंडला एकदा नाही. शत्रू तुझ्या शेजारून पळाला आणि तुला ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळाला तर तो त्याच्या टर्नमधे होतो, म्हणजे नियम जुळत असतील तर परत २डी६. क्रॉसबोनं ऑपॉर्च्युनिटी अटॅक होत नाही.

आता लपायचं. लाइटफूट हाफलिंग स्वतःपेक्षा मोठ्या माणसामागं लपू शकतो, हे बाकी कुणाला जमत नाही आणि तुला ते फुकट मिळालंय. फायटरच्या मागं लपला, तिथून मारला, ॲडव्हांटेज मिळालं. पण तो बोल्ट फायटरच्या बाजूनं जातो, आणि मधे माणूस असला की समोरच्याला हाफ कव्हर, एसी प्लस २. डीएमनं हे मोजलं तर ८० टक्क्यांचे ७० होतात. तरी नुसत्या ५५ पेक्षा लई चांगलं. स्टेडी एम चालत असंल तर मात्र लपायची गरजच नाही, त्या टर्नला जागचं हलायचं नाही, बोनस ॲक्शन द्यायची, ॲडव्हांटेज घ्यायचं, आणि आधीपासूनच एक चौकट तिरकं उभं राहून मोकळा नेम धरायचा, ८० चे ८० राहतात. त्यात धोका एकच की मारून झाल्यावर पण तुला हलता येत नाही, त्यामुळं जिथं उभा आहेस तिथंच मार खायची तयारी ठेव. माझ्या टेबलावर मी स्टेडी एम कायम चालू देतो, कारण त्यानं रोगचा टर्न झटपट होतो आणि दर वेळी स्टेल्थ टाकून दिसला का नाही दिसला ही चर्चा वाचते.

आणि गोफण घे. खरंच सांगायलो. स्लिंग, किंमत १ सिल्व्हर, ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला आपल्याकडं वापरतात तीच. डाइस डी४, रेंज ३०, बघायला अगदीच फालतू. पण ती बोथट मार देते, ब्लजनिंग, आणि जुन्या किल्ल्याच्या तळघरात सांगाडे असणार नाहीत असं मला तरी वाटत नाही. सांगाड्याला ब्लजनिंग दुप्पट लागतं, आणि स्नीक अटॅकचा डॅमेज हत्याराच्याच जातीचा धरला जातो, म्हणजे तो पण दुप्पट. अडीच अधिक सात अधिक तीन, साडेबारा, त्याचे २५. सांगाड्याचे हिट पॉइंट सरासरी १३. क्रॉसबोनं साडेचौदा होतात, म्हणजे पडायचा पण बऱ्याचदा एक-दोन पॉइंटवर उभा राहायचा, आणि स्नीक अटॅक नाही लागला तर क्रॉसबोचे साडेसात विरुद्ध गोफणीचे ११. एक सिल्व्हरमधे याच्यापेक्षा भारी काही मिळत नाही.

तुझ्या १०० गोल्डची यादी मी अशी केली असती: लाइट क्रॉसबो २५, बोल्ट ४० नग २, अजून चार खंजीर ८, बुल्सआय लँटर्न १० आणि त्याला पाच बाटल्या तेल, गोफण आणि २० गोळ्या, आणि उरलेल्यात ५० ची हीलिंग पोशन. सगळं मिळून ९६ च्या आत बसतं. पोशन काढून हँड क्रॉसबो घ्यायचा मोह होईल, पण ५० आणि २५ सोडून द्यायची बेरीज करून बघ, तेवढ्यात काय काय जातंय. लढाई झाल्यावर एक मिनिट दिलं की मारलेले निम्मे बोल्ट परत गोळा करता येतात, ते डीएमला सांगायला विसरू नको, ४० नग लई दिवस पुरतात.

तुमचा डीएम पुढं २०२४ च्या नियमांवर गेला तर उत्तर बदलतं, ते पण सांगून ठेवतो. तिथं हत्यारांना मास्टरी आहे, शॉर्टबो आणि हँड क्रॉसबोला व्हेक्स, म्हणजे एकदा लागलं की त्याच शत्रूवर पुढच्या अटॅकला ॲडव्हांटेज, आणि लाइट क्रॉसबोला फक्त स्लो. रोगला ॲडव्हांटेजच पाहिजे असतं म्हणून तिथं मी डोळे झाकून शॉर्टबो म्हणंन.

राहिली चौथ्या लेव्हलची गोष्ट, तू शेवटी विचारलंस ना की शार्पशूटर घेऊ का. तुझी डेक्सटेरिटी १७ आहे, विषम आकडा, त्यामुळं अशी फीट बघ जी डेक्सटेरिटीला एक देते. पियर्सर देते, ती पण २०२० च्याच पुस्तकातली, १७ चे १८ होतात, म्हणजे अटॅक आणि डॅमेज दोन्ही एकानं वर, आणि टर्नला एकदा पियर्सिंग (टोचणाऱ्या) डॅमेजचा एक डाइस परत टाकता येतो, म्हणजे स्नीक अटॅकमधे एखादा १ पडला की तोच उचलायचा. शार्पशूटरचं मायनस ५ प्लस १० (नेमाला ५ कमी, डॅमेजला १० जास्त) रोगला जमत नाही, कारण तुझा एकच अटॅक असतो आणि तो हुकला की १० सोबत २डी६ पण जातात. डीएम ते पुस्तक चालू देत नसंल तर सरळ डेक्सटेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशनला (दणकटपणाला) एकेक घाल. तुझी कॉन्स्टिट्यूशन किती आहे ते तू लिहिलं नाहीस, ती पण विषम असंल तर हे पियर्सरच्या तोडीचं होतं, आकडा सांग म्हणजे नीट बघून सांगतो.